फरक आढळला नाही

भूकंप झाला त्या वर्षी मी लातूरच्या सरकारी दवाखान्यात नवीनच होते. हदगावकडच्या एका खेड्यातली, शेतकऱ्याची मुलगी. नांदेडला नर्सिंग शिकले आणि पहिली नेमणूक लातूरला मिळाली. वडील ट्रंक घेऊन सोडायला आले होते. जाताना म्हणाले, "इतक्या लांब एकटी राहून राहिली, जपून राहा." मला तेव्हा वाटलं होतं, जपण्यासारखं इथं काय आहे? शांत गाव आहे.

भूकंपाच्या दिवशी उजाडल्यापासून ट्रक, ट्रॅक्टर, जीपा यायला लागल्या. औसा, निलंगा, उमरग्याकडची माणसं होती. सगळी एकाच रंगाची दिसत होती, कारण माळवदाच्या छपरांची पांढरी माती त्यांच्या केसांत, पापण्यांत, जखमांत भरली होती. त्या पहिल्या आठवड्याबद्दल लोक मला आजही विचारतात. खरं सांगायचं तर तो आठवडा मला सलग आठवत नाही. मला आठवतात ते नंतरचे महिने. मदतीला आलेले बाहेरचे डॉक्टर परत गेले, फोटो काढणारे गेले, बिस्किटांचे खोके संपले, आणि वॉर्डात राहिले ते फक्त लवकर बरे न होणारे पेशंट.

त्यांत एक माझ्याच वयाची बाई होती. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. झोपेत माळवदाचं लाकूड तिच्या कमरेवर पडलं. नवरा आणि सासू त्याच खोलीत दबून गेले. ती वाचली, पण कमरेखाली तिला काही कळत नव्हतं. घरातला दुसरा वाचलेला माणूस म्हणजे तिचा सासरा. तो त्या रात्री शेतात राखणीला होता. माहेरची आई सोलापूरच्या दवाखान्यात पडून होती, भाऊ तिकडे अडकलेला. म्हणून तिच्याजवळ थांबायला सासराच. धोतर, पांढरा मुंडासा, साठीच्या आतबाहेरचा माणूस. तो कॉटच्या उशाशी जमिनीवर बसायचा, तिच्याकडे पाठ करून. ती पडल्या पडल्या पदर तोंडावर ओढून घ्यायची. वॉर्डभर बायका उघड्यावाघड्या पडल्या होत्या, आणि ह्या दोघांनी आपल्या घराचा उंबरा तिथे तसाच ठेवला होता.

कमरेखाली बधिर झालेल्या माणसाला दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागतं. नाहीतर एकाच जागी भार पडून कातडी मरते आणि जखम होते. तिला आम्ही बेडसोर म्हणतो. पुस्तकातलं हे वाक्य मला तोंडपाठ होतं. पण एवढ्या मोठ्या वॉर्डाला आम्ही दोघी-तिघी सिस्टर, आणि कॉटखालीसुद्धा पेशंट. जमेल तेव्हा तिला वळवत होतो. जमत नव्हतं तेव्हा ती तशीच पडून राहायची. तिच्या माकडहाडावर आधी लाली आली, मग ती जागा काळी पडली, आणि एके दिवशी ड्रेसिंग करताना ती उघडली.

मी सासऱ्याला बाहेर व्हरांड्यात बोलावलं.

"बाबा, तिला सारखं कुशीवर वळवायला लागतंय. आम्ही पुरत नाही. तुम्ही हात लावला तर जखम भरेल."

त्यानं मान खाली घातली. "सिस्टर, सून हाय ती माझी."

"माहीत आहे मला."

"आजवर तिनं माझ्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू दिला न्हाई. मी तिच्या अंगाला हात लावू?"

मी तिच्याकडे गेले. तिला विचारलं. ती पदराच्या आतून म्हणाली, "मामांना नका सांगू. ऱ्हाऊ द्या. झालंय ते झालंय."

दोन दिवस मी ह्याच्यावर विचार करत होते. उपाय काही मोठा नव्हता, ट्रेनिंगमध्येच शिकवलेला होता. पेशंटच्या अंगाखाली खांद्यापासून मांडीपर्यंत एक दुमडलेली चादर घालायची. दोन्ही बाजूंनी तिच्या कडा गुंडाळून धरायच्या आणि चादर ओढून माणूस वळवायचा. अंगाला हात लावावाच लागत नाही, आणि कातडीही घासत नाही. आम्ही ते स्वतःचं काम सोपं व्हावं म्हणून शिकलो होतो. मी त्याला म्हटलं, "बाबा, तिला नका धरू. चादर धरा."

त्यानं चादरीकडे बराच वेळ बघितलं. मग विचारलं, "नुसती चादर?"

"नुसती चादर."

पहिल्यांदा दुसरी बाजू मी धरली. त्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं आणि हळूच ओढलं. ती कुशीवर झाली. मी तिच्या पाठीशी जुन्या लुगड्यांची वळकटी लावली. पुढे तो शेजारच्या कॉटवरच्या बाईच्या बहिणीला दुसरी बाजू धरायला सांगू लागला. वळवायच्या आधी तो खाकरायचा. गावाकडे वडीलधारी माणसं घरात शिरताना खाकरतात, आतल्या बायकांना पदर सावरायला वेळ मिळावा म्हणून, तसं. खाकरणं ऐकलं की ती पदर ओढून घ्यायची आणि मग तो चादरीला हात घालायचा.

ती जखम भरायला पुष्कळ दिवस लागले. खालून गुलाबी मांस वर येत गेलं, कडा जवळ आल्या. एका सकाळी ड्रेसिंग करताना मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "आता उघडीच ठेव, वारं लागू दे." पुढे त्या दोघांना गावाजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये पाठवलं. टेम्पोत बाजेवर तिला झोपवलं होतं. सासऱ्यानं दवाखान्याची ती चादर घडी करून मला परत दिली. मी म्हटलं, राहू द्या. तो म्हणाला, "सरकारी हाय," आणि माझ्या हातात ठेवून गेला.

त्यानंतर माझी नांदेडला बदली झाली. लग्न झालं, मुलगी झाली. नोकरी करता करता पुढची पदवी घेतली. नवरा शाळेत मास्तर. गोदावरीच्या पुराच्या बातम्या आणि मुलीच्या परीक्षा यांत वर्षं गेली. बेडसोर मी पुढेही खूप पाहिले. प्रत्येक वेळी नातेवाइकाला जमेल तसं सांगायची. कधी वेळ असला तर नीट, नसला तर नुसतंच, "वळवत राहा हो यांना."

मुलगी दहावी झाली तेव्हा तिच्या निम्म्या मैत्रिणी लातूरला निघाल्या होत्या. क्लास नांदेडलाही होते, पण तिला लातूरच हवं होतं. डॉक्टर व्हायचं होतं तिला. नेमकं त्याच वर्षी मला तिथल्या नर्सिंग कॉलेजात एम.एस्सी.ला जागा मिळाली आणि शासनानं अभ्यासरजाही मंजूर केली. आम्ही दोघींनी क्लासेसच्या भागात दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. घरमालकांनी विचारलं, "विद्यार्थिनी कोण?" मी म्हटलं, "दोघी." त्यांना वाटलं मी चेष्टा करते.

मला ते लातूर ओळखूच आलं नाही. ज्या रस्त्यावर मी मदतीच्या ट्रकांची रांग पाहिली होती, तिथे आता डॉक्टरकीला लागलेल्या मुलांचे घराएवढे फोटो लावलेले होते. प्रत्येक घरावर एक जास्तीचा मजला, त्यात मुलांच्या खोल्या. सकाळी पाठीवर दप्तरं घेतलेली पोरं रस्ता भरून चालायची, दुपारी मेसच्या डब्यांच्या गाड्या. खाली चौकात चहा पिणाऱ्या मुलांना भूकंपाबद्दल काही विचारलं तर ती सांगायची, आमचे आई-वडील सांगतात.

संध्याकाळी आम्ही मायलेकी एकाच टेबलावर बसायचो. ती मला सरासरी आणि विचलन समजावून सांगायची, मी तिला हृदयाच्या झडपा. नवरा रविवारी नांदेडहून यायचा. एकदा दाराशी उभा राहून म्हणाला, "घरात शिरू का, का तुमचा पेपर चालू आहे?"

माझ्या गाइड मॅडम मूळच्या केरळच्या. तरुणपणी मराठवाड्यात आल्या त्या इथल्याच झाल्या. मराठी शुद्ध, पण बोलण्याला त्यांच्याकडची लय. मी विषय सांगितला: अंथरुणाला खिळलेल्या पेशंटच्या नातेवाइकांना चादरीनं वळवायचं पद्धतशीर शिक्षण द्यायचं, आणि त्यानं बेडसोर कमी होतात का ते बघायचं.

"हे तर आपलं रोजचं काम आहे. यात संशोधन काय?" त्या म्हणाल्या.

"काम आहे मॅडम, पण होत नाही. आम्ही घाईत काहीतरी सांगतो आणि पुढे जातो."

"आणि नीट शिकवलं तर फायदा होतो, हे तुला माहीत आहे?"

"हो."

"कसं माहीत आहे?"

मी त्यांना त्या सासऱ्याची आणि सुनेची हकीकत सांगितली. त्यांनी पेन खाली ठेवून सगळी ऐकली. मग म्हणाल्या, "तिची जखम भरली. पण चादरीमुळे भरली, की वय लहान म्हणून, की गर्दी कमी झाल्यावर तुम्ही सिस्टर जास्त वेळ देऊ शकलात म्हणून?"

मला ते लागलं. इतकी वर्षं जी गोष्ट मी मनात धरून होते, तिला त्यांनी एका वाक्यात तीन भोकं पाडली.

"तुला माहीत नाही," त्या शांतपणे म्हणाल्या. "म्हणून अभ्यास करायचा. ती आता कुठे असते?"

तेही मला माहीत नव्हतं.

गावाचं नाव आठवत होतं. एका रविवारी मुलीला नवऱ्यावर सोपवून मी एस.टी.नं निघाले. जुनं गाव उठून नव्या जागी बसवलं होतं, सरळ रस्ते आणि एकसारखी घरं. स्टँडवरच्या माणसानं पत्ता लगेच सांगितला. घराच्या पुढच्या खोलीत छोटं दुकान होतं. बिस्किटं, साबण, वह्या, पापडाची पाकिटं. चाकाच्या खुर्चीत ती बसली होती. केस पांढरे व्हायला लागलेले. डोक्यावर पदर नव्हता. मी ओळख सांगितली तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही लई बारीक होता तवा."

सासरा काही वर्षांपूर्वी गेला होता, शेतात काम करता करता. माहेरचे न्यायला आले होते का, असं मी विचारलं.

"आले की. दोनदा आले. मी न्हाई गेले. आई म्हातारी, भावजय नवी. तिकडं मला कोण वळवलं असतं? हितं मामांना सवय झाली होती." दुकानावर आलेल्या मुलीला तिनं साबण दिला, मग पुढे म्हणाली, "घर पण त्यांनी माझ्याच नावावर केलं. लोक म्हणले, सुनंच्या नावावर कशाला? मामा म्हणले, तीच हाय घरात."

चहा पिताना तिनं मला एक गोष्ट सांगितली. दवाखान्यात वळवताना तो तोंड भिंतीकडे करायचा ना, तेव्हा तो भिंतीशी बोलायचा. अगदी हळू. मी कधी ऐकलंच नव्हतं. तो आपल्या गेलेल्या बायकोला सगळं सांगायचा. आज सुनेनं अर्धी भाकर खाल्ली. अमक्याच्या घरचं कुणी राहिलं नाही. तमक्याचा बैल सापडला. "गावात कोण गेलं, कोण राहिलं, मला कुणी सांगत न्हवतं. मला सगळं तसंच कळलं," ती म्हणाली. "माझ्याशी तोंडानं एवढं कधी बोलले न्हाईत ते. मी वाट बघायची, कवा वळवत्यात म्हणून."

मी कशाला आले ते मग सांगितलं. ज्यांना शिकवायचं ते एका गटात आणि ज्यांची नेहमीसारखी काळजी घ्यायची ते दुसऱ्या गटात, कोण कुठल्या गटात ते चिठ्ठी उचलून ठरणार, शेवटी दोन्हीकडच्या पाठी बघायच्या.

"म्हणजे निम्म्या लोकांना सांगणारच न्हाई?"

"त्यांची काळजी सिस्टर घेतीलच. रोज घेतात तशी."

"रोज कशी घेत्यात ते ठाऊक हाय मला," ती म्हणाली. रागानं नाही, हसूनच. "तुम्ही चांगल्या होता हो. पर हात दोनच."

येताना एस.टी.त मी खिडकीशी बसून तेच घोकत राहिले. दुसऱ्या दिवशी मॅडमना सांगितलं. त्यांनी विषय झटकून टाकला नाही. म्हणाल्या, "हा प्रश्न अभ्यासाला परवानगी देणारी कमिटीही विचारेल. अभ्यास संपला की दुसऱ्या गटालाही शिकवशील, असं लिही. आणि कुणाच्या पाठीला लाली दिसली तर गट विसरून त्याला जे लागेल ते करायचं, असंही लिही." कमिटीनं दोन्ही गोष्टी मान्य केल्या आणि मी पुरुषांच्या हाडांच्या वॉर्डात काम सुरू केलं.

तिथे बहुतेक पेशंट अपघातातले. नांदेड रोडवर ट्रकनं उडवलेले, झाडावरून पडलेले, बांधकामावरून कोसळलेले. सोबत आई नाहीतर बायको. पहिल्या गटातल्या नातेवाइकांना मी कॉटशी नेऊन शिकवायची, स्वतः करून दाखवायची, मग त्यांच्याकडून करून घ्यायची. पाठ कशी तपासायची, लाली कशी ओळखायची, तेही.

त्यांत उदगीरच्या पलीकडून, कर्नाटकच्या हद्दीवरून आलेली एक आजी होती. तिच्या मुलाच्या मणक्याला मार लागला होता. मराठी बोलताना मधूनच कानडी शब्द टाकायची. एका बैठकीत शिकली. चादर अशी ओढायची की मुलाला कळायचंसुद्धा नाही. तिच्या शेजारची कॉट दुसऱ्या गटातली होती. तिथे एक तरुण बाई नवऱ्याजवळ बसलेली असायची. तिला मी काही शिकवायचं नव्हतं.

एका दुपारी त्या तरुण नवऱ्याच्या पाठीवर मला लाली दिसली. ठरलंच होतं, आता गट विसरायचा. मी तिला म्हटलं, "इकडे ये, तुला एक दाखवते." चादर घेतली तर ती म्हणाली, "येतंय मला. आजीनं दाखवलं की. कालपासून करायलीय."

"कुठल्या आजीनं?"

तिनं शेजारी बोट दाखवलं. मी वॉर्डभर नजर टाकली. खिडकीजवळच्या कॉटवर दोघीजणी मिळून एका म्हाताऱ्याला चादरीनं वळवत होत्या. त्याही दुसऱ्या गटातल्या. कोपऱ्यात एक बाप मुलाची पाठ उजेडाकडे करून बघत होता. त्यालाही मी कधी शिकवलं नव्हतं. माझ्या कित्येक आठवड्यांच्या कामाच्या सीमा वॉर्डानं पुसून टाकल्या होत्या.

मला राग आला. खरंच आला. मी आजीकडे गेले. "आजी, तुम्ही सगळ्यांना कशाला शिकवलं?"

तिनं माझ्याकडे बघितलं. "का गं? सांगायचं न्हवतं का?"

"मी तुम्हाला कुठं इतरांना सांगायला लावलं होतं?"

"वाईट हाय का ते?"

"वाईट नाही."

"मग? चांगलं हाय म्हणूनच मला शिकवलीस न्हवं?"

"चांगलं आहे का तेच बघायचंय, आजी. त्याच्यासाठीच सगळं चाललंय."

तिनं मुलाला चादरीनं कुशीवर केलं, शर्ट वर सरकवला आणि म्हणाली, "बग मग."

मुलाची पाठ स्वच्छ होती. मी ती बघितली, शर्ट खाली केला आणि व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. आता पुढे काय करायचं ते मला कळत नव्हतं. रजा संपत आली होती, मुलीची परीक्षा जवळ आली होती, आणि माझा अभ्यास वॉर्डातल्या बायकांनी मिळून बिघडवला होता. बिघडवला असं तरी कसं म्हणायचं, असंही मनात येत होतं. त्या आपापसांत भाकरी देत होत्या, तेल देत होत्या, तसंच हेही दिलं होतं.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिल्यांदा हसल्या. "तू वॉर्डात भिंत घालायची विसरलीस," म्हणाल्या. मग गंभीर होऊन म्हणाल्या, "लपवू नकोस. जे झालं ते लिहायचं. आणि आता त्या सगळ्यांना विचार, कोण कुणाकडून शिकलं. तेही लिही."

मी तसं केलं. वॉर्डात फिरून एकेकाला विचारलं. आजीकडून शेजारणीनं घेतलं, शेजारणीनं नळावर भेटलेल्या बाईला सांगितलं, तिनं आपल्या दिराला. एका बापानं तर फक्त लांबून बघून शिकून घेतलं होतं, विचारायला लाज वाटली म्हणून. एकानं चादर चुकीची धरली होती, ती मी दुरुस्त केली. आजी मला हाक मारून सांगायची, अमकीला अजून येत नाही, जरा बघ.

आकडे मांडले तेव्हा दोन्ही गटांत फरक आढळला नाही. आढळणार कसा? दोन्ही गट एकच गोष्ट करत होते. मी प्रबंधात लिहिलं, 'तथापि संशोधनाच्या काळात वॉर्डातील बेडसोरचे प्रमाण कमी झाले.' मॅडमनी ते वाक्य लाल शाईनं खोडलं.

"मॅडम, कमी झाले. मी रोज तिथे होते. वॉर्डच्या सिस्टरही सांगतील."

"मी मान्य करते."

"मग?"

"आधी किती होते ते तू मोजलंस का?"

मोजलं नव्हतं. दवाखान्याच्या नोंदीतही बेडसोर नीट लिहिलेले नसतात. लिहिले तर आपल्याकडेच बोट येतं, म्हणून कुणी लिहीत नाही.

"तुला दिसलं, तुला पटलं," त्या म्हणाल्या. "ते माझ्याशी बोलताना सांग. घरी सांग. इथे फक्त मोजलेलं लिही. तू दिसलेलं लिहिलंस की उद्या दुसरा कुणी न दिसलेलंही लिहील."

त्या दिवशी मी घरी येऊन स्वयंपाक केला नाही. मुलीनं मेसवरून डबा मागवला. जेवताना तिनं विचारलं काय झालं, मी सांगितलं. ती घास हातात धरून म्हणाली, "म्हणजे तू नापास?"

"नापास नाही गं. पण जे सिद्ध करायला गेले ते झालं नाही."

"मग पुन्हा कर."

तिच्या वयाला ते सोपं होतं. पुढे तिचा नीट परीक्षेचा निकाल आला तेव्हा तिला एम.बी.बी.एस. मिळालं नाही. थोडक्यात हुकलं. तिच्या क्लासमधल्या मुली पुन्हा वर्षभर बसायचं ठरवत होत्या, तिचा बापही पुन्हा बस म्हणत होता. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "मी पशुवैद्यकीयला जाते. मला पुन्हा ते पुस्तक उघडायचं नाही." हदगावला माझ्या वडिलांना कळवलं तर ते खूश झाले. म्हणाले, "माणसांचे डॉक्टर लई झाले. म्हशीला कोण बघतंय?"

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या बाईंनी माझा प्रबंध उलटसुलट चाळला. मग चष्मा काढून विचारलं, "थोडक्यात सांगा, तुमच्या अभ्यासानं काय सिद्ध झालं?"

मी म्हटलं, "शिक्षणानं बेडसोर कमी होतात की नाही, हे यातून सांगता येत नाही. एका वॉर्डात एका नातेवाइकाला शिकवलं, तर ते त्याच्यापाशी थांबत नाही, एवढं सांगता येतं. कोणाकडून कोणाकडे गेलं ते मी लिहिलं आहे."

"हे तुम्हाला आधी सुचायला हवं होतं."

"हो."

त्यांनी आणखी काही प्रश्न विचारले, आकड्यांवर अडवलं, आणि पास केलं. मॅडम बाहेर उभ्या होत्या. त्यांनी माझा हात हातात घेतला.

रजा संपल्यावर मी नांदेडला कामावर परतले आणि पुढे शिकवायच्या जागेवर आले. लातूरच्या त्या वॉर्डात दवाखान्याच्या मुख्य सिस्टरनी, मेट्रननी, माझ्या प्रबंधाची वाट बघितली नव्हती. प्रत्येक नव्या नातेवाइकाला आल्या आल्या शिकवायचं, असं त्यांनी परस्पर सुरू करून टाकलं होतं. एका कार्यक्रमात कुणीतरी माझी ओळख करून देताना म्हणालं, ह्यांच्या संशोधनामुळे ही पद्धत सुरू झाली. मला उठून सांगावं लागलं की माझ्या संशोधनात तसं काही निघालेलं नाही. लोकांना वाटलं मी नम्रपणा करते.

मागच्या वर्षी हिमायतनगरकडच्या एका मुलीनं मला फोन केला. दुसऱ्या एका कॉलेजात एम.एस्सी. करत होती. ग्रंथालयात माझा प्रबंध तिच्या हाती लागला होता.

"मॅडम, मला हाच विषय घ्यायचाय. तुमचं कुठं चुकलं ते सांगता का?"

इतक्या सरळ मला कुणी विचारलं नव्हतं. मी खुर्ची ओढून बसले आणि सांगू लागले. दोन गट एका वॉर्डात ठेवू नकोस. दोन वेगळे दवाखाने घे, एकमेकांपासून लांबचे. सुरुवात करायच्या आधी काही महिने नुसती मोजणी कर, कुणाला काही न शिकवता, आणि सिस्टरना आधी पटवून दे की नोंद केली म्हणून कुणी रागावणार नाही. लाली कशाला म्हणायचं ते आधीच ठरव, आपल्याकडच्या सावळ्या कातडीवर ती लालच दिसते असं नाही. ती लिहून घेत होती, मधून मधून "हाव मॅडम" म्हणत होती.

मध्येच तिनं विचारलं, "आणि त्या मोजणीच्या महिन्यांत समोर कुणाची पाठ बिघडताना दिसली तर?"

"तर मोजणी बाजूला ठेव आणि आधी त्याला वळव," मी म्हटलं. "आणि वळवलंस, असं लिहून ठेव."

"वळवलं, असं लिहायचं," असं पुटपुटत तिनं तेही लिहून घेतलं. मग तिनं पुढचा प्रश्न विचारला.